उठवण्याचा हक्क

मंगळवार, १२ सप्टेंबर १९६७
एल्क रन स्टेशन

आज टपाल गेलं. म्हणजे रोज जातं तसं गाडीने नव्हे, कायमचंच गेलं. टपाल खात्याने कळवलंय की महिनाअखेरपासून सगळ्या थैल्या ट्रकने, हमरस्त्याने जातील. टपालाच्या भाड्यावरच आमची उतारूंची गाडी कशीबशी चालत होती. तेव्हा तीही बंद. नोटीस मीच वेटिंग रूमच्या दारावर चिकटवली. वाचायला कुणीही नव्हतं, तरी कोपरे नीट दाबून चिकटवली.

टाडना सांगितलं नाही. (वडिलांना आमच्या घरात टाड म्हणतात. आजोबा वेल्सहून आले ते हा शब्द घेऊनच.) त्यांना अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. उजव्या कानाने ऐकू येत नाही, डोळ्यांत मोतीबिंदू. टस्कारोरा अँड लेक शोअर रेल्वेवर त्यांनी उभी हयात इंजिन चालवलं. कंपनी म्हणजे त्यांच्या लेखी डोंगर. डोंगर बंद पडतो हे म्हाताऱ्या माणसाला कसं सांगायचं?

म्हणून ही वही. कुणाला तरी खरं सांगायला हवंच.

रविवार, १ ऑक्टोबर

काल शेवटची उतारूंची गाडी गेली. आठ-दहा माणसं होती, त्यातली निम्मी फोटो काढायला आलेली.

आज जेवताना टाडनी विचारलं, "सहा नंबर आली का गं वेळेवर?"

"थोडी उशिरा," मी म्हटलं.

"असेल. पलीकडे धुकं असेल." एवढं म्हणून ते बटाटे खाऊ लागले. माझा जीव भांड्यात पडला.

मग आपणहून जुन्या गोष्टी काढल्या. आजोबा इफॉर यांनी स्वीड्स गॅपचा बोगदा खणला तेव्हा डोंगरात मैलोन् मैल माणूस नव्हता. टस्की, म्हणजे आमची रेल्वे, आली आणि तिच्यामागून सगळं आलं. दगडी कोळसा सरोवरापर्यंत जाऊ लागला, गावं वसली, डॉक्टर आला, शाळा आली. एका काळी गाडीच्या जेवणाच्या डब्यात कंपनीची स्वतःची निळ्या काठाची बशी होती आणि वाढपी टाडच्या इंजिनाची तारीफ करायचे, कारण त्यांच्या ब्रेकला कपातली कॉफी सांडत नसे. "सूपसुद्धा नाही, ल्यू. सूप तर कॉफीहून अवघड." हे मी शंभरदा ऐकलंय. आज एकशे एकाव्यांदा ऐकताना वाटलं, ऐकवणारा माणूस आहे हे केवढं आहे.

मग लोकांनी घरात तेलाच्या शेगड्या घेतल्या, कोळसा कुणाला नको झाला आणि हमरस्ता आला. हा भाग टाड कधी सांगत नाहीत. त्यांच्या गोष्टीत कंपनी अजून चढावरच आहे.

बुधवार, ११ ऑक्टोबर

दोन मालगाड्या. पहिलीला हुकूम वर देताना वाऱ्याने टोपी उडाली. चालत्या गाडीला कागद द्यायचा तर रुळांशेजारी अगदी लगटून उभं राहावं लागतं. पुढे कोण येतंय, कुठे थांबून वाट द्यायची, हे लिहिलेला पातळ कागद वेताच्या कड्याला बांधायचा, कडं उंच धरायचं आणि इंजिनवाल्याने हात बाहेर काढून त्यात घालायचा. मग गाडीच्या शेपटीला, गार्डासाठी, पुन्हा तेच. बेचाळीस साली, पुरुष लढाईवर गेले म्हणून आम्हा मुलींना घेतलं, तेव्हा पहिल्या दिवशी मी डोळे मिटून उभी होते. इंजिनावर टाडच होते. खाली ओरडले, "डोळे उघड, नाहीतर मी थांबणार नाही!" थांबणार तसेही नव्हतेच.

गुरुवार, २६ ऑक्टोबर

एल्क रनचं ऑफिस बंद. माझी जागा रद्द. आज पत्र आलं. बारा नोव्हेंबरनंतर सिग्नलला कुलूप.

आमच्याकडे जागा रद्द झाली की माणूस लगेच घरी जात नाही. त्याला दहा दिवस मिळतात. तेवढ्यात नोकरीत आपल्याहून धाकट्या असलेल्या कुणाचीही जागा मागता येते. साहेबाला विचारायचं नाही, कारण द्यायचं नाही, फक्त नाव कळवायचं. याला आम्ही 'उठवणं' म्हणतो. तू एकाला उठवतोस, तो दुसऱ्याला, असं करत करत शेवटचा माणूस रस्त्यावर. याच हक्कासाठी आमच्या लोकांनी संप केले, डोकी फोडून घेतली. कारण त्याआधी साहेबाचा मेव्हणा कुणालाही उठवायचा.

टाडना सोडून मला पश्चिमेकडे जाता येणार नाही. जवळच्या अंतरावर एकच जागा आहे, स्वीड्स गॅप. तिथे व्हर्ना हुडाक आहे.

व्हर्नाला मीच शिकवलं. दोन मुली तिला. नवरा स्टीव्ह डबे दुरुस्तीच्या कारखान्यात होता, तो बंद झाल्यापासून घरी. म्हणजे मी उठवलं तर त्या घरात कमावणारं कुणी उरणार नाही. नाही उठवलं, तर आमच्या घरात.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर

युनियनचे लेलँड गॉर्टन आले. खुर्चीवर बसले की खुर्ची कण्हते.

"ल्यू, यात विचार कसला करतेस? यादीत तू वर, ती खाली. नाव कळव."

"तिला दोन मुली आहेत, लेलँड."

"मग? दया बघून जागा वाटायच्या म्हटलं तर उद्या प्रत्येक जण पोरं मोजत माझ्याकडे येईल. माझीच पाच आहेत." टोपी गुडघ्यावर आपटून ते म्हणाले, "हक्क वापरला नाही की गंज चढतो त्याला. तुझ्या बापाला विचार."

"त्यांना काही सांगू नका. त्यांना यातलं काहीच माहीत नाही."

लेलँडनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "बरं. मी कशाला सांगू." जाताना मात्र ओसरीवर टाडजवळ बराच वेळ उभे होते. हवापाण्याच्या गप्पा असणार. चांगला माणूस आहे, शब्दाला जागतो.

रविवार, २९ ऑक्टोबर

चर्चमध्ये काही मागावं म्हणून डोळे मिटले आणि काय मागायचं तेच कळेना. व्हर्नाची जागा देवाकडे मागणार? शेवटी आजवर जे मिळालं त्याचेच आभार मानले. निदान त्यात चोरी नाही.

मी उठवणार नाही असं ठरवलं. मग घरी येऊन टाडच्या स्वेटरचे कोपर रफू करताना वाटलं, ठरवणारी मी कोण? उपाशी मी एकटी नाही राहणार, टाडही राहतील.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर

टाड सकाळी म्हणाले, "केस कापायला जाऊन येतो." टपालाचा ट्रक चालवणारा बिल ऑस्ट्रँडर त्यांना घेऊन गेला. त्याच ट्रकात टाडना मला हात धरून चढवावं लागलं. ते मात्र खुशाल पुढच्या सीटवर, टोपी मांडीवर घेऊन बसले.

थेट संध्याकाळी परतले. न्हाव्याने काही फारसं केलेलं दिसत नाही. केस होते तेवढेच आहेत. मी बोलले नाही, आधीच थोडे उरलेत. कोटाच्या खिशात रुमालात बांधलेला अक्रोडाच्या रोलचा तुकडा सापडला. न्हाव्याच्या दुकानात हल्ली खायलाही देतात वाटतं. जेवायच्या वेळी भूक नाही म्हणाले, पण चेहरा कसा उजळलेला. बाहेर पडल्याने माणसाला बरं वाटतं. बिलचे आभार मानायला हवेत.

गुरुवार, २ नोव्हेंबर

व्हर्ना आली! ड्युटी संपल्यावर, शेजाऱ्याची मोटार मागून, पावसात. ओला कोट खुर्चीवर फेकला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अहो मास्तरीणबाई, मला उठवायला तुम्हाला मुहूर्त लागतो का?"

मी म्हटलं, "मी तुला उठवणार नाही, व्हर्ना."

"का? मी काय गरीब गाय आहे?"

"तुझ्या मुली..."

"माझ्या मुली माझ्या आहेत, त्यांची नावं कशाला मधे घालता? ऐका आता. पश्चिमेकडे तो ओकली स्ट्रँड बसतो ना, त्याचंही ऑफिस बंद होतंय. तो तुमच्याहून धाकटा, पण माझ्याहून थोरला. तुमची मुदत संपायची वाट बघत बसलाय नुसता. तुम्ही जागा घेतली नाहीत तर सोमवारी तो मला उठवणार. म्हणजे मी जाणारच आहे. तुम्ही देवदूत व्हायला निघालात आणि फायदा कुणाचा, तर ओकलीचा! तो तंबाखू चघळतो. माझ्या जिरेनियमच्या कुंडीत थुंकेल तो."

मी खाली बसले. सगळी यादी मला तोंडपाठ, ओकलीचं नाव कुठे आहे हेही पाठ. पण घाबरलेल्या माणसाला यादीत दोनच नावं दिसतात, आपलं आणि ज्याला आपण दुखवणार त्याचं.

"तुला राग नाही येणार?" मी विचारलं. असा बावळट प्रश्न.

"येणार ना! का नाही येणार? चांगली आठवडाभर शिव्या देईन तुम्हाला, आमच्या घरच्या भाषेत, तुम्हाला कळणारही नाही. पण ओकलीला द्यायच्या म्हणजे जन्मभर द्याव्या लागतील. तेवढा वेळ नाही मला." मग आवाज उतरला. "जायचंच तर तुमच्यासाठी जाऊ दे की मला. शिकवलंत तुम्ही. आणि घरी म्हातारं माणूस आहे तुमच्या, पोर कधी शुद्धीवर येते याची वाट बघत बसलंय."

"वाट कसली? त्यांना काहीच ठाऊक नाही."

व्हर्ना शेगडीकडे वळून हात शेकू लागली. "हो का," म्हणाली. "मग कॉफी तरी द्या."

ती एवढ्या पावसात माझ्यासाठी आली. तिला कसं कळलं की मी अडून बसलेय? लेलँड बोलले असतील. कुणी का सांगेना, देव त्याचं भलं करो.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर

नाव कळवलं. एका दमात, मध्ये न थांबता.

सोमवार, १३ नोव्हेंबर
स्वीड्स गॅप

पहिला दिवस. व्हर्नाने जाताना फरशी पुसून ठेवली होती, शेगडीत कोळसा भरून ठेवला होता. मी उठवलेल्या माणसाने माझ्यासाठी शेगडी भरली. तिच्यापुढे बसून मी रडून घेतलं, मग गाडी आली म्हणून उठले.

व्हर्नाला शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळालंय. "गाडीऐवजी पोरं येतात," ती फोनवर म्हणाली, "पण आवाज तेवढाच, आणि थांबत नाहीत."

जिरेनियमना पाणी घातलं.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

आभाराचा सण. हुडाक कुटुंबाला जेवायला बोलावलं होतं. येतील की नाही धाकधूक होती. आले, आणि व्हर्नाने अख्खा अक्रोडाचा रोल आणला.

तिची धाकटी, मिल्का, टाडना बघताच ओरडली, "हे आजोबा आमच्याकडे आले होते! टपालाच्या ट्रकातून!" व्हर्नाने तिच्या तोंडात पाव कोंबला. लहान मुलांना सगळे म्हातारे सारखेच दिसतात. टाडही तिची थट्टा करत म्हणाले, "तो मी नव्हे, तो माझा देखणा भाऊ." सगळे हसले. स्टीव्ह तर डोळे पुसेपर्यंत.

जेवणाआधी प्रार्थना टाडनीच म्हटली. ती इथे लिहून ठेवते.

"देवा, टस्कीने माझ्या बापाला भाकर दिली, मला दिली, माझ्या ल्यूला दिली. या टेबलावरच्या सगळ्यांना दिली. ती काही संत नव्हती. माझ्या बापाचे दोन मित्र त्या बोगद्यात राहिले. पण देत होती तोवर मोकळ्या हाताने दिलं. तिचे आभार. आणि जी माणसं एकमेकांसाठी जागा करून देतात त्यांचे आभार. आमेन."

टाड कंपनीबद्दल असं बोलले, जणू ती गेलीच आहे. वय झालं की काळवेळेचं भान सुटतं. पण प्रार्थना सुंदर होती. व्हर्ना ताटाकडे बघत होती आणि तिने टेबलाखालून माझा हात धरला होता. दुसऱ्या हाताने टाडचा.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी १९६८

हुकूम आला. सगळीच लाइन बंद होणार, तीस एप्रिलला. रूळ काढून भंगारात विकतील. वर्तमानपत्रात दोन इंच बातमी. सरोवराकडे नेलेला कोळसा, युद्धातल्या रात्रंदिवस धावणाऱ्या गाड्या, बोगद्यातले दोन मित्र, हे सगळं दोन इंचात बसवायचं म्हणजे कसबच.

म्हणजे जी जागा मी व्हर्नाकडून घेतली ती साडेपाच महिन्यांची. एवढ्यासाठी! फोनवर तिला तसं म्हटलं तर ती चिडली.

"साडेपाच महिने टाडच्या शेगडीत कोळसा होता की नाही? मग मोजता काय? बर्फ किती पडलं बघितलंत ना?"

टाडना अजून काही सांगितलेलं नाही. मला धीरच होत नाही.

मंगळवार, ३० एप्रिल

शेवटची गाडी. सकाळपासून ऊन होतं. व्हर्ना शाळेतून सुट्टी घेऊन आली. आल्या आल्या सरळ एक कडं उचललं. "इंजिन माझं, शेपटी तुमची." माझ्या हाताखाली शिकायला होती तेव्हाही इंजिनासाठीच भांडायची.

आम्ही दोघी अंतर ठेवून उभ्या राहिलो. इंजिनावर अर्ल यर्क्स होता. व्हर्नाच्या कड्यात हात घालताना तो काहीतरी ओरडला, आम्हाला ऐकू आलं नाही. नंतर दोघींनी आपापल्या परीने ठरवलं तो काय म्हणाला असेल. तिचं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही. मग रिकामे डबे, डबे, डबे, आणि शेपटी. गार्डाने माझा कागद घेतला आणि टोपी काढली. मी मान हलवली. वळणापलीकडे गाडी गेली तरी रूळ थोडा वेळ गुणगुणत होते. रोजच गुणगुणतात. आज आम्ही दोघी ते थांबेपर्यंत उभ्या होतो.

फोन करून कळवलं, "गॅपवरून गेली." पलीकडे गाड्यांचं नियंत्रण करणारे मिस्टर लूमिस. पंचवीस वर्षं रोज बोललो आणि एकदाही भेटलो नाही. दरवेळी "ठीक" म्हणून फोन ठेवतात. आज थांबले.

"मिस प्रोबर्ट, कधी या बाजूला आलात तर कॉफीला या. स्टेशनवर घ्यायला येईन. ओळखाल मला, मी अगदी ठेंगू आहे."

मी इतकी वर्षं त्यांना ताडमाड समजत होते! हसू आलं, आणि मग आवरेना. "मीही काही मोठी उंच नाही," एवढंच म्हणता आलं.

घरी आले तर टाड रविवारच्या सुटात, टाय बांधून बसलेले. शेजारच्या मिसेस केलर कुंपणावरून हळूच म्हणाल्या, "सकाळपासून ओसरीवर उभे होते हो. मालगाडी गेली तेव्हा टोपी छातीशी धरून. वार विसरलेत वाटतं बिचारे." मंगळवार की रविवार हेही कळेनासं झालं. डॉक्टरांना दाखवायला हवं. सूट काढायला मदत केली, तर ते माझ्या केसांतली काजळी बोटाने पुसत राहिले.

बुधवार, १ मे

आज सांगितलं. कॉफी दिली, त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसले, आणि सगळं सांगितलं. टपाल, उतारूंची गाडी, एल्क रन, व्हर्ना, कालची गाडी. एवढे महिने खोटं बोलले तेही.

त्यांनी अगदी शेवटपर्यंत ऐकलं. "असं होय," म्हणाले. "आणि हे सगळं तू एकटीने वाहिलंस? माझ्यासाठी?"

"तुम्हाला सोसलं नसतं, टाड."

"नसतंच सोसलं," ते म्हणाले. "तू होतीस म्हणून निभावलं माझं." मग बराच वेळ माझा हात धरून बसले. मी समजत होते त्यापेक्षा कितीतरी शांतपणे घेतलं त्यांनी. निदान हिवाळाभर त्यांना या दुःखातून वाचवता आलं, याचं मला फार समाधान आहे.

बुधवार, १४ ऑगस्ट

रूळ उखडणारी माणसं एल्क रनपर्यंत आली. टाडनी त्यांना लिंबाचं सरबत पाठवलं.

मंगळवार, ३ सप्टेंबर

शाळा उघडली. शाळेच्या स्वयंपाकघरात एक जागा निघाली होती. व्हर्नाने मुख्य स्वयंपाकीणबाईंना सांगितलं की मी वेळेवर येते, मोठ्या आवाजाला घाबरत नाही आणि चालत्या वस्तूच्या हातात काहीही देऊ शकते. एवढ्यावर मला घेतलं.

आज दिवसभर ट्रे वाढले. पाय दुखताहेत. मुलांनी मक्याचे दाणे सांडले, एकाने मला आजी म्हटलं, मी त्याला जास्त पुडिंग दिलं. घरी टाड विचारत होते, सूप सांडलं का? नाही म्हटलं तर केवढे खूश झाले.

दुपारी भांडी घासताना व्हर्ना साबणाचे हात हलवत म्हणाली, "इथेही नेमणुकीच्या तारखेनेच सगळं चालतं बरं का. मी तुमच्या वर. मला उठवायचा विचारही मनात आणू नका."

भिंतीवर आम्हा स्वयंपाकघरातल्या बायकांची यादी लावलेली आहे. घरी निघताना तिच्यासमोर जरा उभी राहिले. सगळ्यात खाली माझं नाव, ताज्या शाईत. माझ्याखाली कुणीच नाही. उद्या काय वाटेल ते होवो, माझ्यासाठी कुणाला उठावं लागणार नाही.

व्हर्ना दारातून ओरडली, "चला की, बस जाईल!" मी एप्रन खुंटीला अडकवला आणि धावले.